हाकेच्या अंतरावरची यंत्रं

(नेर, जि. यवतमाळ इथं स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विज्ञानाचा विषय घ्या, पण तो इथल्या माणसाच्या रोजच्या कामाला भिडू द्या, असं संयोजकांनी मला कळवलं होतं. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्या स्मृतीला वंदन करून मी तसाच एक विषय घेतो. एकाच खोलीतली दोन यंत्रं एकमेकांना शोधतात कशी, आणि आपण त्यांना शोधू का देत नाही, यावर मला बोलायचं आहे.

कुठल्याही सेवा केंद्रात जाऊन बघा. शेतकरी पीकविम्याची पावती मोबाइलवर घेऊन येतो. केंद्रचालक म्हणतो, ‘या नंबरवर टाका ना भाऊ.’ पावती मोबाइलवरून निघते, टॉवर गाठते, दूरच्या कुठल्या तरी सर्व्हरवर पोचते, तिथून परत नेरला येते, टेबलावरच्या संगणकात उतरते आणि मग दोन हातांवरच्या प्रिंटरवर छापली जाते. पुष्कळदा मोबाइल, संगणक आणि प्रिंटर तिन्ही एकाच राउटरला जोडलेले असतात. तरीही नेट बंद पडलं की काम थांबतं आणि दारात रांग लागते. कागद आहे, शाई आहे, वीज आहे, यंत्रं धडधाकट आहेत. एवढंच की या यंत्राला त्या यंत्राचा ठावठिकाणा माहीत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. जे काम खोलीतल्या खोलीत होऊ शकतं, त्यासाठी माणसाला खोलीबाहेरच्या कुणावर अवलंबून ठेवू नये. ही जबाबदारी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची आहे. त्यासाठी लागणारं तंत्र वीस वर्षांहून जास्त काळ तयार आहे, त्याला शुल्क नाही, परवाना नाही. समोर संगणकशास्त्राची मुलं-मुली बसली आहेत. उद्या यवतमाळला, अमरावतीला, पुण्याला जाऊन तीच सॉफ्टवेअर लिहिणार आहेत. म्हणून थोडं खोलात जातो.

सुरुवात एका महागड्या प्रिंटरपासून होते. १९८५ साली ॲपलनं लेझररायटर बाजारात आणला तेव्हा त्याची किंमत ६,९९५ डॉलर होती. प्रत्येक टेबलावर तो ठेवणं कुणाला परवडणार? एक प्रिंटर सगळ्या कचेरीनं वाटून घ्यायचा, तर प्रत्येक संगणकाला तो सापडला पाहिजे. ॲपलटॉक नावाच्या त्यांच्या जाळ्यात ही सोय होती. संगणकावर एक खिडकी उघडायची, त्यात आसपासच्या प्रिंटरांची नावं आपोआप यायची, हवं त्यावर बोट ठेवायचं. आकडे लिहायचे नाहीत, तज्ज्ञाला बोलवायचं नाही. पुढे जगभर इंटरनेटच्या आयपी पद्धतीचं जाळं पसरलं. त्यामुळे नेरमधून न्यूयॉर्कपर्यंत पोचता येऊ लागलं, पण शेजारच्या टेबलापर्यंत पोचण्याची ती साधी सोय मागे पडली. प्रिंटर जोडायचा म्हणजे चार संख्यांचा पत्ता शोधा, लिहा, जपून ठेवा, आणि राउटरनं तो बदलला की पुन्हा शोधा.

स्टुअर्ट चेशायर यांना हे खटकत होतं. मॅकिन्टॉशवर जाळ्यातून एकमेकांशी खेळायचा ‘बोलो’ हा रणगाड्यांचा खेळ त्यांनीच लिहिला होता, त्यामुळे जाळ्यात सोबती आपोआप सापडण्याचं सुख त्यांना चांगलंच ठाऊक होतं. ती सोय आयपीवर आणावी, असं त्यांनी १९९७ साली मांडलं. १९९९ मध्ये इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या मंडळात त्यासाठी एक कार्यगट झाला. २००२ साली ॲपलनं हे तंत्र ‘राँदेव्हू’ या नावानं आपल्या प्रणालीत घातलं. नावाच्या हक्कावरून वाद झाल्यावर २००५ मध्ये त्याचं ‘बाँजूर’ झालं. त्याच वर्षी लिनक्ससाठी ‘अवाही’ आलं. मादागास्करमधल्या एका लीमर प्राण्याचं हे नाव. लेनार्ट पॉटरिंग आणि ट्रेंट लॉइड यांनी आपापली अर्धी कामं एकत्र करून ते उभं केलं, आणि ते मुक्त सॉफ्टवेअर आहे. नियमांचे पक्के दस्तऐवज, आरएफसी ६७६२ आणि ६७६३, फेब्रुवारी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. अँड्रॉइडनं २०१२ मध्येच ही सोय प्रोग्रामरांच्या हाती दिली होती, विंडोज १० मध्येही ती आली. आज या सभागृहात जेवढे मोबाइल आणि लॅपटॉप असतील, त्यातल्या बहुतेकांना ही भाषा येते.

आता ती भाषा चालते कशी ते बघू.

यंत्राला आधी पत्ता लागतो. एरवी तो राउटर देतो. राउटर नसला तर यंत्र १६९.२५४ नं सुरू होणाऱ्या पत्त्यांपैकी एक स्वतःच निवडतं, तो कुणी वापरत नाही ना हे विचारतं, आणि आक्षेप आला नाही तर घेतं. लाईन गेली, राउटर बंद पडला, पण दोन लॅपटॉप बॅटरीवर चालू आहेत. त्यांच्यामध्ये एक नेटवर्कची केबल लावली तरी जाळं तयार होतं. आपल्या भागात उन्हाळ्यात याची किंमत काय, हे मी तुम्हाला सांगायला नको.

मग नाव. इंटरनेटवर नावावरून पत्ता सांगणारे सर्व्हर असतात. खोलीत तसं कुणी नसतं. म्हणून प्रश्न एकाला न विचारता सगळ्यांना विचारला जातो. २२४.०.०.२५१ हा त्यासाठी ठरलेला सामायिक पत्ता आहे आणि ५३५३ हा पोर्ट, म्हणजे दाराचा क्रमांक. त्यावर आलेलं पॅकेट आसपासच्या प्रत्येक यंत्राला ऐकू येतं. ज्याचं नाव पुकारलं तेच उत्तर देतं. कोतवाल गावात मुनादी द्यायचा ती अशीच असायची. ऐकायला सगळं गाव, पण उठून चावडीवर जायचा तो ज्याचं काम असेल तोच. आणि मुनादी गावाची शीव ओलांडायची नाही. इथंही राउटर ही शीव आहे, हे पॅकेट तो पुढे सोडत नाही.

नव्या यंत्राला एखादं नाव घ्यायचं असलं तर ते आधी पाव-पाव सेकंदाच्या अंतरानं तीनदा विचारतं, ‘हे नाव कुणाचं आहे का?’ कुणी बोललं नाही तर नाव त्याचं. मग ते निदान दोनदा, सेकंदाच्या अंतरानं, स्वतःची घोषणा करतं आणि गप्प बसतं. शोधणाराही सारखा ओरडत नाही. पहिला प्रश्न, एका सेकंदानं दुसरा, मग दोन, चार, आठ असं अंतर दुपटीनं वाढत तासावर जातं. शिवाय विचारतानाच तो सांगतो की अमुक नावं मला आधीच माहीत आहेत, म्हणजे त्यांनी पुन्हा उत्तर द्यायला नको. सामायिक जागेत कमीत कमी आवाज करायचा हा विचार मला या साऱ्या रचनेत सर्वांत मोलाचा वाटतो.

नावापाठोपाठ काम. ‘इथं छापून कोण देतं?’ असं विचारलं की छापणाऱ्या सेवांची नावं येतात. त्यातलं एक निवडलं की दुसऱ्या नोंदीतून यंत्र आणि पोर्ट कळतो. तिसऱ्या नोंदीत बारीकसारीक माहिती: रंगीत छपाई होते का, कागद कोणता लागतो. २०१० मध्ये आलेलं ॲपलचं एअरप्रिंट यावरच चालतं, मोबाइलवरचं चित्र टीव्हीवर दाखवणारं क्रोमकास्टही मोबाइलला असंच सापडतं.

हे तंत्र महाराष्ट्रातल्या एका छोट्या शाळेत फार लवकर पोचलं होतं, आणि ती गोष्ट आपण विसरून गेलो आहोत. निकोलस नेग्रोपाँटे यांच्या ‘एका मुलाला एक लॅपटॉप’ या योजनेला केंद्र सरकारच्या शिक्षण खात्यानं २००६ साली नकार दिला. तरी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट धनगरवाड्यावर एकशिक्षकी शाळेत तिचा भारतातला पहिला प्रयोग सुरू झाला. हिरव्या-पांढऱ्या रंगाचा तो एक्सओ लॅपटॉप. त्याच्या पडद्यावर ‘शेजार’ दाखवणारं एक दृश्य होतं. वर्गातला प्रत्येक लॅपटॉप तिथं एका रंगीत माणसाच्या आकृतीनं दिसायचा. एखाद्यानं लिहायला घेतलेलं पान दुसऱ्याला खुलं केलं की दोघं दोन लॅपटॉपवरून एकाच पानावर लिहू शकत. मधे सर्व्हर लागत नव्हता, बाहेरचं इंटरनेट लागत नव्हतं. लॅपटॉप एकमेकांशी थेट जाळं बांधत आणि आत अवाही होतं. मुलांची नावं याच मुनादीच्या मार्गानं एकमेकांपर्यंत पोचत.

योजना म्हणून तिचं पुढे काय झालं, खर्च परवडला का, शिकण्यात फरक पडला का, यावर मतं वेगळी आहेत आणि तो वाद खरा आहे. पण एका खोलीच्या शाळेतल्या मुलांना शेजारचं यंत्र शोधून देणं २००७ साली शक्य होतं, हेही तितकंच खरं आहे. त्या प्रयोगांनी एक मर्यादाही दाखवली. एक्सओच्या जाळ्यात प्रत्येक लॅपटॉप दुसऱ्याचं पॅकेट पुढे ढकलायचा. त्यामुळे सगळ्यांसाठी पुकारलेली एकच गोष्ट पुन्हा पुन्हा हवेत जायची आणि वर्ग मोठा झाला की हवाच भरून जायची. मोठ्या शाळांसाठी मग शाळेतच एक सर्व्हर ठेवायची शिफारस करावी लागली. तोही शाळेच्या आतच होता, हे लक्षात ठेवा.

आज त्याच वाटेवर ‘कोलिब्री’ आहे. इंटरनेटशिवाय चालणाऱ्या शाळांसाठी लिहिलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पायवर चालतं, त्याचा चेहरा मराठीतही मिळतो, आणि त्याच जाळ्यातली दुसरी कोलिब्री यंत्रं ते आपोआप शोधतं. आपल्या वाचनालयांनी त्याच्याकडे जरूर बघावं.

आता प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी. समजा, बाजार समितीत वजनकाट्याच्या खिडकीत एक संगणक आहे आणि आत कचेरीत दुसरा. काट्यावरच्या प्रोग्रामनं वजन कचेरीतल्या प्रोग्रामला द्यायचं आहे. बहुतेक जण कचेरीतल्या यंत्राचा पत्ता एका फाइलमध्ये लिहून मोकळे होतात, आणि कापसाच्या हंगामात ऐन गर्दीत राउटर बदलला की गाड्या खोळंबतात. त्याऐवजी कचेरीतल्या प्रोग्रामनं स्वतःला जाहीर करावं. क्रम असा: आधी पोर्ट उघडून ऐकायला बसायचं, तो पोर्ट कोणता मिळाला ते बघायचं, आणि मगच नोंदणी करायची. नोंद आधी आणि ऐकणं नंतर, असं झालं तर पहिला गिऱ्हाईक बंद दारावर येऊन परत जातो. काट्यावरच्या प्रोग्रामनं पत्ता जपू नये, नाव जपावं, आणि दर वेळी जोडताना त्या नावाचा ताजा पत्ता विचारावा. केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या प्रोग्रामिंग लायब्ररीत यासाठी जाहीर करणारा, शोधणारा आणि सापडलेल्या सेवेचा तपशील काढणारा असे तीन वेगळे वर्ग (क्लास) आहेत. बाकीच्या लायब्रऱ्यांतही साधारण हीच विभागणी दिसेल. त्यांच्या पडद्यामागे बोलण्याचं काम संगणकात आधीच चालू असलेली सेवा करते. प्रत्येकानं स्वतःचं मुनादीतंत्र लिहायला बसू नये. एकाच यंत्रात चार जण वेगवेगळं पुकारू लागले की गोंधळ होतो.

यादी दाखवताना ‘पुन्हा शोधा’ असं बटण ठेवण्याची सवय सोडा. सेवा आली की नाव यादीत यावं, गेली की जावं. लायब्ररी दोन्ही बातम्या देते. पाच सेकंद थांबून ‘काही सापडलं नाही’ असं सांगणाराही प्रोग्राम चुकतो, कारण यंत्र सहाव्या सेकंदाला चालू होऊ शकतं. एकच प्रिंटर वायफायवरून आणि वायरवरून दोनदा दिसेल, तो माणसाला एकदाच दाखवा.

आणि मेलेल्या नावांचं काय? यंत्र नीट बंद केलं तर ते जाताना निरोप घेतं, म्हणजे आपल्या नोंदीची मुदत शून्य करून पाठवतं. वीज अचानक गेली तर निरोप नाही. यंत्राच्या पत्त्याची नोंद दोन मिनिटांत विरते, पण ‘इथं असा असा प्रिंटर आहे’ या नोंदीची मुदत पंचाहत्तर मिनिटं असते. म्हणून लाईन गेल्यावर तासभर प्रिंटर यादीत दिसत राहतो आणि जोडायला गेलं की सापडत नाही. अशा वेळी माणसाला दोष देणारी सूचना दाखवू नका. त्या नोंदीची पुन्हा खात्री करून घ्यायला सांगण्याची सोय काही लायब्रऱ्यांत असते, ती वापरा.

मराठी माणसाला विशेष कळकळीनं सांगावं असं पुढचं आहे. सेवेचं नाव मराठीत ठेवता येतं. जगातल्या कुठल्याही लिपीत माणसाला वाचता येईल असं नाव असावं, हे या नियमांत सुरुवातीपासून गृहीत आहे. मर्यादा फक्त त्रेसष्ट बाइटांची. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हीसुद्धा वेगळी चिन्हं धरली जातात. म्हणजे आपल्याला एकवीस चिन्हं. ‘ग्रंथालयाचा प्रिंटर’ पंचावन्न बाइटांत बसतं. ‘जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाळा’ला पंच्याऐंशी लागतात. इतकं लांब नाव काही लायब्रऱ्या नाकारतात, म्हणून प्रोग्राम लिहिणारा ते स्वतः त्रेसष्टवर कापतो आणि ‘जिल्हा परिषद उच्च प्राथ’ एवढं उरतं. त्याच नावाचं दुसरं यंत्र आलं की मागे कंसात दोनचा आकडा लावायला आणखी चार बाइट लागतात. मग कात्री ‘प्रा’च्या कान्यावर येते: त्याच्या तीन बाइटांपैकी दोन राहतात, एक जातो, आणि पडद्यावर शाळेच्या नावात प्रश्नचिन्ह उमटतं. चांगल्या लायब्रऱ्या चिन्ह मधेच कापत नाहीत, पण जोडाक्षर कुठं पुरं होतं हे त्यांनाही कळतंच असं नाही. ते आपणच सांभाळायचं: कापायचं तर शब्दाच्या शेवटी, आणि आकड्यासाठी जागा राखून.

दुसरी अडचण तर निखळ आपली आहे. ‘शेतकऱ्यांची माहिती’ असं नाव दोन यंत्रांना दिलं. एका कीबोर्डवर या ‘ऱ्य’साठी ‘ऱ’चं स्वतंत्र चिन्ह पडतं, दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त आणि मागे एक न दिसणारा जोडक. डोळ्यांना दोन्ही सारखं, यंत्राला दोन वेगळी नावं. नावांची टक्कर झालीच नाही असं जाळं धरून चालतं, यादीत एकाच नावाच्या दोन ओळी दिसतात, आणि कुठली कुणाची हे कुणालाच सांगता येत नाही. अक्षरं एकरूप करण्याचे जागतिक नियम आहेत, पण हा जोडक ते काढत नाहीत. नोंदणीच्या आधी प्रोग्रामनं हे रूप एकच करून घ्यावं. परदेशातल्या कुणाला ही अडचण दिसणारच नाही. ती सोडवायची तर मराठी माणसानंच.

सावधपणाबद्दल. जाळ्यात जे जाहीर केलं ते सगळ्यांना ऐकू येतं. लॉजवर, कॉलेजच्या वायफायवर आपला लॅपटॉप मालकाचं पूर्ण नाव पुकारत असतो, हे कित्येकांना माहीत नाही. यंत्राचं नाव कामावरून ठेवा, विशेषतः मुलींनी. सोबतच्या नोंदीत पासवर्ड किंवा आधार क्रमांकासारखं काही चुकूनही घालू नका. आणि सापडलेल्या नावावर विश्वास ठेवू नका. ‘कचेरी’ हे नाव कुणीही घेऊ शकतं. खरी ओळख पटवायला पडद्यावरचा आकडा दुसऱ्या यंत्रावर टाकणं, आणि पुढचं बोलणं गुप्त लिपीत करणं, हे वेगळं करावंच लागतं. २०२० पासून आयफोन आणि २०२४ पासून मॅक ‘या ॲपला आसपासची यंत्रं शोधू द्यायची का’ असं विचारतात. ते योग्य आहे. त्या प्रश्नाखाली, का शोधायचं आहे हे मराठीत स्पष्ट लिहा, म्हणजे माणूस समजून हो किंवा नाही म्हणेल.

राउटरची शीव कधी कधी नडते. शाळेच्या दोन इमारतींत दोन जाळी असली तर एकीकडचा प्रिंटर दुसरीकडे दिसत नाही. अमेरिकेतल्या विद्यापीठांनी २०१२ मध्ये हीच तक्रार केली, आणि २०२० साली आरएफसी ८७६६ मध्ये त्यावर एक मध्यस्थ सुचवला गेला. आपल्याकडे बहुतेक वेळा कारण याहून साधं असतं. राउटरमध्ये ग्राहकांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारी एक खूण असते. पाहुण्यांच्या वायफायवर ती हवीच, पण शाळेच्या आतल्या वायफायवर ती चालू राहिली तर वर्गातली तीस यंत्रं एकमेकांना आंधळी होतात. शिवाय वायफायवर सगळ्यांसाठीची पॅकेटं सर्वांत मंद वेगानं जातात आणि पोचल्याची पोच मिळत नाही, म्हणून प्रिंटरसारखं एका जागी बसणारं यंत्र शक्यतो वायरनं जोडावं.

ज्यांना करून बघायचं आहे त्यांनी दोन जुने लॅपटॉप घ्यावेत, दोन्हींवर लिनक्स आणि अवाही घालावं, आणि एकावर एखादी छोटी सेवा मराठी नावानं जाहीर करावी. मग राउटरची बाहेर जाणारी वायर काढून ठेवावी. दुसऱ्यावर नाव दिसतं का ते बघावं, तेच नाव दुसऱ्यालाही देऊन बघावं, झाकण मिटून दहा मिनिटांनी उघडून बघावं, आणि शेवटी चालू यंत्राची बॅटरी काढून बघावी. इथल्या संगणक वर्गांत हे एका दुपारी होण्यासारखं आहे. कुणाचं अडलं तर मी उद्या दुपारपर्यंत नेरमध्येच आहे.